शुक्रवारचा जनरेटर

जुन्या बाजारात स्वस्त पाना किंवा पक्कड दिसली की आमच्या शेजारच्या चाचांना राहवत नाही. आधी दगडावर वाजवून बघणार, मग भावावरून मनसोक्त भांडणार आणि "लागंल कधीतरी" म्हणत पिशवीत टाकणार.

दर शुक्रवारी नमाज पढून आले की वीज असो वा नसो, अंगणातला जुना जनरेटर थोडा वेळ चालवायचा, हा त्यांचा नेम. सगळी गल्ली धडधडते. मी वैतागून खिडकी लावून घ्यायचो.

यंदा उन्हाळ्यात भर दुपारी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं आणि मला काही सुचेना. तेवढ्यात खाली जनरेटर धडधडला आणि चाचा वायर ओढत आमचा जिना चढून आले. वायर थेट आईच्या खाटेपर्यंत पुरली. मशीन सुरू झालं.

आईचा श्वास संथ झाल्यावर मी विचारलं, "चाचा, एवढी लांब वायर?"

"जुन्या बाजारातली. भाभी दवाखान्यातून घरी आल्या, तवा भेटायला आलतो ना? जाताना खाटेपासून पावलं मोजतच घरी गेलो."