पहिली ओळ बाबांची

मी पहिली मैफल ऐकली ती धानाच्या तणसाच्या जाळाजवळ बसून. तेव्हा तिला मैफल म्हणतात हे मला माहीत नव्हतं. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल शहराच्या पुढे आहे. धान घरात आलं की तळ्याच्या पाळीखाली, बांधाच्या आडोशाला, मंडप पडायचा आणि आसपासची भजनमंडळं स्पर्धेला यायची. बाबा आमच्या मंडळाचे गायक. खंजिरीही तेच वाजवायचे. थंडीत खंजिरीचं कातडं सैल पडतं, बोट मारलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज येतो. म्हणून मंचावर जाण्याआधी ती जाळावर शेकावी लागते. ते काम माझं होतं.

"जवळ नको नेऊ, कातडं फाटन," बाबा म्हणायचे. "पापड भाजतेस ना, तशी फिरव."

मग ते बोट मारून बघायचे, मान हलवायचे आणि मंचावर जायचे. भजनात गायक पहिली ओळ म्हणतो, मागे बसलेले सगळे ती उचलतात. त्याला झील धरणं म्हणतात. बाबांची ओळ संपायच्या आत मागचे गळे तिला टेकू द्यायला हजर असायचे.

मी इंग्रजी शाळेत जायचे. संगीताच्या तासाला आम्हाला प्लास्टिकचं टॅम्बरीन द्यायचे. घरी खरी खंजिरी खिळ्याला टांगलेली आहे, हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही. तशी मी कुठलीच गोष्ट कोणाला सांगत नसे.

कॉलेजसाठी चंद्रपूरला गेल्यावर मी तिथल्या संगीत महोत्सवात स्वयंसेवक झाले. दुपारी गावोगावची भजनमंडळं, संध्याकाळी बाहेरून आलेले मोठे कलाकार. पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, सतरंजी सरळ करायची, माइक वरखाली करायचे. गळ्यात बिल्ला असला की इथे का उभी आहेस असं कोणी विचारत नाही, आणि बोलावंही लागत नाही. पहिल्या वर्षी एका मोठ्या गायिकेला मी पडद्याआडून ऐकलं. लोक डोळे मिटून बसले होते. मला सारखं वाटत राहिलं, हिच्यामागे झील धरायला कोणीच नाही.

बाबांच्या खिशात खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी असायची. आमच्याकडे ती कोणाच्या खिशात नसते? पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या तोंडातली जखम बरी होईना. नागपूरला ऑपरेशन झालं. जिभेचा बराचसा भाग आणि जबड्याचं हाड काढावं लागलं. घरी आल्यावर त्यांचं बोलणं फक्त आईला आणि मला कळायचं. त्यांनी खंजिरी खिळ्यावरून काढली, धोतराच्या जुन्या फडक्यात बांधली आणि धानाच्या कोठीमागे ठेवून दिली.

महोत्सव जवळ आला तेव्हा मंडळातले पेटीवाले काका घरी आले. हे बाबांचे लहानपणापासूनचे मित्र.

"भाऊ, चंद्रपूरले जाचं हाय. तयार राह्य."

बाबा काहीतरी म्हणाले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "गळाच नाई तं मी काऊन येऊ, म्हणतात."

"तुह्या गळ्याले कोण बोलावून राह्यलं? गायक आणला आमी, राइस मिलमधला. पण खंजिरी कोण वाजवन, तुहा बाप?"

आई चुलीजवळून म्हणाली, "त्याईचा बाप लय चांगला वाजवे म्हणतेत."

ऑपरेशननंतर बाबांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. हसल्यावर तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ आली, ती त्यांनी चटकन पुसली. आईने उठून कोठीमागचं गाठोडं काढलं.

महोत्सवाच्या दिवशी आभाळ आलं होतं आणि गारठा होता. मंडपात जाळ करायची मनाई. मी खंजिरी घेऊन चहावाल्या बाईकडे गेले आणि तिच्या शेगडीवर लांबून फिरवत उभी राहिले. बाबांनी बोट मारून पाहिलं. मान हलवली.

मंडळ मंचावर बसलं. नेहमीच्या जागी मधोमध बाबा, शेजारी नवा गायक. पहिलं भजन त्याने म्हटलं. दुसरं भजन बाबा नेहमी म्हणायचे ते होतं, आमच्या तळ्यावरचं, गावातच कोणीतरी बांधलेलं. काकांनी पेटीवर सूर दिला. पहिल्या ओळीची वेळ आली, आणि कोणीच गायलं नाही.

नवा गायक मांडीवर हात ठेवून गप्प बसला होता. बाबांचा हात एकदा अडखळला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मंडळाने आपसात ठरवून टाकलं होतं. एका ओळीएवढा वेळ फक्त खंजिरी वाजली, आणि मग मागून सगळ्यांनी झील धरली, बाबांनी ओळ म्हटली असावी तशी.

"माइक बंद हाय," मागून कोणीतरी ओरडलं. "ओ माइकवाले, झोपले काय?"

साउंडवाल्याने मला हाताने खूण केली, जाऊन बघ. मंचाच्या पायरीशी मीच होते. मी जागची हलले नाही.

"माइक चालू आहे," मी म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले. एवढ्या लोकांसमोर मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

पुढच्या कडव्याला लोक शांत झाले. बाबांनी तोंड उघडलं. माइकमधून फक्त श्वास आला, मोठा आणि खरखरीत. मागच्यांनी तोही उचलला. काका मान खाली घालून पेटी वाजवत होते.

शेवटचं कडवं आलं तेव्हा बाबा नव्या गायकाकडे वळले. त्याच्या गुडघ्याला खंजिरीची कड लावली आणि डोळ्यांनी सांगितलं, म्हण. तो काकांकडे बघू लागला. बाबांनी पुन्हा कड लावली, जरा जोराने. मग त्याने ओळ म्हटली. चांगली म्हटली. बाबा माइकपासून मागे सरकले आणि झील धरणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले.

बाबा पुढच्या पावसाळ्यातलं धानाचं रोवणं बघायला राहिले नाहीत.

या वर्षीही मी बिल्ला घालून गेले. मंडळ आलं. काकांनी फडक्यातून खंजिरी काढून माझ्याकडे दिली. "तूच शेक, बाई. आमच्यातल्या कोणाले जमत नाई." वाजवणारा आता तो राइस मिलमधला गायकच होता. तळ्याचं भजनही ते म्हणणार होते, पहिल्या ओळीपासून. काकांनी हे मला आधीच सांगून ठेवलं. तसंच व्हायला हवं, हे मलाही कळत होतं.

मी शेगडीपाशी उभी राहिले. एकदा बोट मारलं, आवाज अजून ओला होता. फिरवत राहिले. पुन्हा मारलं, तेव्हा खणखणीत आला. तरी मी फिरवतच होते.

"झालं असन ना, बाई," चहावाली म्हणाली. "कातडं फाटन."

मंचावरून मंडळाचं नाव पुकारलं. मी खंजिरी नेऊन त्या गायकाच्या हातात दिली. त्याने बोट मारलं नाही, तशीच घेतली.