पंचमीची भरती

मला एका जागी उभं राहता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. अशा मुलाला नव्या ड्रिल मास्तरांनी गोलमध्ये उभं केलं, तिथूनच सगळं बिघडलं.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. मी रत्नागिरीच्या हायस्कुलात मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होतो आणि फुटबॉलच्या संघात फॉरवर्ड होतो. फॉरवर्ड मला कुणी नेमलं नव्हतं, मीच झालो होतो. आमचा खेळ सोपा होता. चेंडू जिकडे, अकराच्या अकराजण तिकडे. शाळेमागच्या कातळावर अनवाणी धावून गुडघे सोलून निघायचे आणि घरी जाताना कोण चुकलं यावर रस्ताभर भांडण चालायचं. काय मजा होती!

दिवाळीनंतर साताऱ्याकडचे मास्तर आले. पलटणीतून सुटलेले, आवाज असा की वर्गातल्या खिडक्या वाजाव्यात. वर्षाच्या बोलीवर नेमले होते. माघातल्या संमेलनाला चिपळूणचा संघ खेळायला यायचा होता. तो सामना नीट पार पडला तर हेडमास्तर त्यांना कायम करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आई त्यांच्याकडे मासळी घेऊन जायची. मास्तरीणबाई तिला म्हणाल्या होत्या, "दोन पोरी घिऊन किती गावं फिरायची वो? आता हितंच ऱ्हायलो म्हंजे बरं."

पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी माझे हात धरून बघितले. "लांब हायत. तू गोल राखायचा." मी म्हटलं, मी फॉरवर्ड आहे. "तुला कुणी इचारलं?" असं म्हणून त्यांनी मला कातळावर दहा फेऱ्या मारायला लावल्या आणि त्याच दिवशी नियम केला, की मैदानावर मास्तरांनी विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही.

खरं सांगायचं तर दोन महिन्यांत संघ सुधारला. मुलं एकमेकांना चेंडू द्यायला शिकली. मी मात्र दोन पोफळीच्या खांबांमध्ये उभा राहून जळफळत होतो. सगळा खेळ पलीकडे चालायचा आणि इकडे माझ्या पोटऱ्यांना मुंग्या यायच्या. उगाच खांबांवरची आडवी दोरी सोडून पुन्हा बांधायची, खडे लाथाडायचे. रात्री अंथरुणातसुद्धा पाय हलत राहायचे. मास्तरांचा मला मनापासून राग होता.

सामन्याच्या आधीच्या शनिवारी ते मांडवीच्या किनाऱ्यावर आले. पाहुण्यांना कातळावर खेळवू नये असं त्यांच्या मनात होतं. माझं घर तिथलंच, घरची होडी, म्हणून मला बरोबर घेतलं. चार वाजले होते आणि ओहोटीने वाळू दूरवर मोकळी पडली होती. मास्तरांनी ती बुटाने दाबून बघितली. खूश झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या शनिवारी चारला अशीच मोकळी असंल ना रं?"

आमच्याकडे याचा हिशेब पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी त्रयोदशी होती, भरती पावणेदहाला होऊन गेलेली. पुढच्या शनिवारी पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. सामना सुरू व्हायच्या वेळेला समुद्र तुडुंब. हे माझ्या डोक्यात तिथल्या तिथे झालं. त्यांनी विचारलं होतं, म्हणजे नियमाप्रमाणे बोलायची मला मुभा होती.

"असेल, सर," मी म्हणालो.

सोमवारी नोटीस लागली: सामना शनिवारी चारला, मांडवीच्या वाळूवर. हेडमास्तर पुण्याचे, ते समुद्राकडे कधी फिरकत नसत. त्या वेळेला भरती असणार हे मुलांना कळलं, पण नियम आडवा आला, आणि खरं म्हणजे गंमत बघायची सगळ्यांनाच हौस होती. एका मित्राने मात्र मला गाठलं. "मेल्या, तुला विचारलंनीत ना? मग सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, सांगेन. आठवडाभर सांगेन-सांगेन करत मास्तरांच्या दारावरून येरझाऱ्या घातल्या. एकदा त्यांची धाकटी मुलगी दारात आली आणि "बाबा, तुमचा गोलकीपर आलाय," म्हणून आत ओरडली. मी पळून आलो.

शनिवारी सकाळी ओहोटीतच शिपायाने आणि आम्ही खांब पुरले. जाळं घेऊन चाललेला एक म्हातारा खारवी थांबला. "हितं कशाला रे? मासे खेळणार काय?" शिपाई घाटावरचा, त्याला वाटलं, थट्टा आहे. मी शाळेच्या चढाला लागलो, अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. पुन्हा गेलो, पुन्हा फिरलो. दुपारपर्यंत माझे पाय दुखून आले होते.

साडेतीनला मामलेदार, हेडमास्तर, चिपळूणची मंडळी खाली उतरली. एक गोल गुडघाभर पाण्यात होता आणि दुसऱ्याचा एक खांब उपटून लाटांवर डुलत होता. मामलेदार पोट धरून हसले. चिपळूणकर हसले. आमची मुलंही हसली. मास्तर स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, शिट्टी हातात धरून पाण्याकडे बघत राहिले. मला हसू आलं नाही.

हेडमास्तरांनी आम्हा सगळ्यांसमोरच त्यांना झापलं. "अहो, इथल्या एखाद्या माणसाला विचारायचं तरी!"

मी मास्तरांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"इचारायचं राहिलं," ते म्हणाले.

त्यांना कायम केलं नाही. महिनाअखेरीस जायचं ठरलं. बातमी कळली त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर ते ट्रंकेचं कुलूप नीट करत बसले होते, आत मास्तरीणबाई भांडी बांधत होत्या. म्हटलं, "सर, मी मुद्दाम..."

"ठावं हाय मला," ते कुलपावरची नजर न काढता म्हणाले. "तुझं घर समुद्रावर. तुला कळणार न्हाई व्हय?" मग किल्ली फिरवून बघत, "उद्या उजाडताना मैदानावर ये. डाव्या अंगाचा चेंडू तुला अजून अडत न्हाई. जायच्या आत तेवढं दाखवतो."

रात्रभर मी कूस बदलत राहिलो. पहाटे उठलो, सदरा घातला, दारापर्यंत गेलो. त्यांच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटली. मी गेलो नाही. मित्राने नंतर सांगितलं, शाळेची घंटा होईपर्यंत मास्तर चेंडू घेऊन एकटेच थांबले होते.