गोंदणातल्या तुळशीला डॉक्टरबाईंनी घातलेले टाके

तुम्ही विसरला असाल, मंडळी. विसरणारच. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून धडधाकट बाहेर पडलेल्या माणसाला आपलं दुखणं उजव्या बाजूला होतं की डाव्या, हेही वर्षभरात आठवत नाही. मग टाके कोणी घातले ते काय आठवणार! म्हणून डॉ. मनोरमाबाईंच्या साठीच्या या ग्रंथात माझ्याही चार ओळी असाव्यात असं ठरलं. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात लिहिते आणि मध्येमध्ये माझी भाषा शुद्ध करते. करू द्या तिला.

बाईंची आणि माझी पहिली ओळख अकोल्याला, त्यांच्या दवाखान्यात झाली. आपलं वऱ्हाड तेव्हा नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. माझ्या मानेत आणि काखेत गाठी आल्या होत्या. अमरावतीत लेप, पोटिसं, काढे सगळं करून झालं, तेव्हा मी आणि राजापेठेत किराण्याचं दुकान चालवणारे माझे यजमान बडनेऱ्याहून गाडीत बसलो. बाईंनी गाठीचा तुकडा मुंबईला तपासायला पाठवला. निकाल आला त्या दिवशी यजमान त्यांना म्हणाले, "बाई, जराशा बाहेर या. हिच्यासमोर नको."

बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. "दुखणं मायच्या मानेत हाये, भाऊ. तुमच्या कानात काहून सांगू?"

आणि त्यांनी मलाच सांगितलं. कर्करोग आहे. औषध मुंबईहून मागवावं लागेल, ते नसेतून जातं, उलट्या फार होतात, आणि बरं होईलच असं वचन मी देत नाही. मी विचारलं, "आन् नाही घेतलं तं?"

"तं पुढची दिवाळी कठीण हाये."

इतकं सरळ माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. सासूसुद्धा नाही, ती तर फारच आडून बोलायची.

औषध जहाल. नसेच्या बाहेर थेंब सांडला तर मांस जाळणारं. पहिल्या खेपेतच माझ्या डाव्या हाताच्या नसा सुतळीसारख्या कडक होऊन बसल्या. दुसऱ्या खेपेला मी उजवा हात पुढे केला. माझे हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत गोंदलेले. बाईंच्या हाताखालचे तरुण डॉक्टर सुई घेऊन आले आणि एका हिरव्या रेघेवर बोट ठेवून "सापडली" म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, ते तुयशीचं खोड हाये. त्यातून रगत नाही निंघत."

बाई खळखळून हसल्या आणि स्वतः चाचपायला बसल्या. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी. मग म्हणाल्या की बारीक नसांत हे औषध आता घालायचं नाही. कोपराच्या आतल्या बाजूनं एक मोठी नस जाते. तिथं लहानसा छेद घेऊन बारीक नळी आत सारायची, ती थेट छातीपर्यंत न्यायची. तिथं रक्ताचा ओघ मोठा, औषध पडलं की पातळ होतं, जाळत नाही. खेप संपेपर्यंत नळी तशीच ठेवायची, म्हणजे रोजचं टोचणंही चुकतं.

नळीचं मला भय वाटलं नाही. पण छेद नेमका तुळशीवर येत होता.

अंजनगावला माहेरच्या ओट्यावर मी आणि माझी धाकटी बहीण यमुना एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदून घ्यायला बसलो होतो. दोघींची तुळस एकसारखी. यमुना पहिल्या बाळंतपणात गेली. अंगावरचं सोनंनाणं इथंच काढून घेतात, गोंदण तेवढं बाईच्या संगं वर जातं, असं आम्ही मानतो. तिथं यमुनेला मी ओळखू येणार ती या हातावरून. चेहऱ्यावरून कशी ओळखणार? मी म्हातारी झाले, ती पोरगीच राहिली.

मी म्हटलं, "बाई, दुसरीकून कापा. तुयस नोका तोडू."

"आजी, जीव मोठा की गोंदण?" तरुण डॉक्टर म्हणाले.

बाईंनी त्यांना थांबवलं. "हात त्यांचा आहे." मग माझ्याकडे वळल्या. "माय, आधी खांद्याजवळ पाहतो. तिथली नस बारीक असते, मले मेहनत पडन, पडू द्या. पण नाहीच भेटली तं तुयशीतूनच जावं लागन. हे आता सांगून ठेवतो, मागून नाही." मी होकार दिला.

खांद्याजवळची नस लागली नाही. बाई घामानं भिजलेल्या चेहऱ्यानं माझ्या तोंडासमोर आल्या. "माय, नाही भेटली. आता?" होकार मी आधीच दिला होता; विचारलं नसतं तरी चाललं असतं. तरी विचारलं. मी डोळे मिटून मनात म्हटलं, यमुने, थांब जराशी, मले अजून इथं काम हाये. आणि हात सरळ केला.

औषध चाले तेवढा वेळ बाई शेजारी स्टुलावर बसत. मला उलटी आली की भांडं स्वतः धरत. मी लाजून म्हणायची, "सिस्टर हाये ना, बाई." तर म्हणत, "तिच्याहून माहा नेम चांगला हाये."

नळी काढली तेव्हा दोन टाक्यांत काम भागलं असतं. बाईंनी मला खिडकीच्या उजेडात बसवलं, चष्मा पुसला आणि लुगड्याचा काठ जुळवावा तसं खोडाला खोड, फांदीला फांदी लावत रेशमाच्या धाग्यानं शिवत गेल्या. "हालू नोका माय, मंजिरी जुळून राहिली." संपल्यावर लांबून पाहिलं आणि पडेल आवाजात म्हणाल्या, "एक फांदी जराशी वाकडी झाली."

मी म्हटलं, "यमुनीले सांगीन, वारं सुटलं होतं."

तेव्हापासून नळीला भिणारा कोणी आला की बाई मला निरोप धाडतात. नांदगाव पेठेचे एक मास्तर तर माझा हात पाहून झाल्यावर स्वतःची बाही वर करून बसले.

माझ्या गाठी विरल्या. मध्ये एक परत आली, तीही बाईंनी घालवली. आता येणार नाही, असं त्या आजही म्हणत नाहीत. दर खेपेला मान चाचपतात, आणि त्यांची बोटं फिरत असतात तेवढा वेळ मी श्वास धरून असते.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. मी आपल्या मतलबाचं मागते. मला अजून जगायचं आहे आणि माझ्या मानेला दुसऱ्या कोणाचं बोट चालत नाही. तेव्हा बाईंनी माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त जगावं, डोळे आणि बोटं अशीच शाबूत ठेवून जगावं. त्यात तुमचंही एक काम आहे. समारंभाला पेढ्यांचे पुडे पाठवू नका; ते त्या वाटून टाकतात आणि स्वतः चहावर राहतात. ज्वारीची गरम भाकर आणि कांद्याची पात घातलेलं वांग्याचं भरीत पाठवा, तिखट बेतानं. आणि डबा घेऊन जाणाऱ्याला सांगा, बाई जेवेपर्यंत तिथून हलायचं नाही.