बाबांचा ओहोटीचा हिशोब

उशांचंही मेनूकार्ड असतं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं आणि बाबांना पंचाहत्तराव्या. उत्तर समुद्रातल्या एका जर्मन बेटावर, गवती छपराच्या एका महागड्या हॉटेलात, रिसेप्शनवरच्या बाईंनी ते कार्ड आमच्यापुढे ठेवलं. सात प्रकारच्या उशा, हवी ती निवडा. एकीत मेंढीची लोकर, एकीत गव्हाचा कोंडा. "कोंडा?" बाबा डोळे विस्फारून म्हणाले. "तो आपण म्हशीला घालायचो गं." आणि त्यांनी तीच उशी मागितली.

सोळा वर्षं मी दक्षिण जर्मनीत, इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करते आहे. आई-बाबा त्यात चार वेळा येऊन गेले, आणि चारही वेळा मी त्यांना माझं घर, सुपरमार्केट आणि फार तर म्युनिक एवढंच दाखवलं. ती बोच मनात होती. बाबांच्या पंचाहत्तरीला म्हणून ठरवलं, या खेपेला थाटात. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघंच निघालो. दिवसभर रेल्वे, मग फेरीबोट, आणि धक्क्यावर आम्हाला न्यायला चक्क घोडागाडी.

पहिले दोन दिवस आम्ही नुसते चकित होत होतो. खोलीत खिडकीला लावून बाथटब, म्हणजे अंघोळ करताना समुद्र बघायचा. आई मोठ्या हौसेने सॉनाचं, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीचं, दार उघडून आत गेली आणि दोन सेकंदांत बाहेर आली. "अगं, आत कुणाच्याच अंगावर काही नाही!" पुन्हा ती त्या बाजूला फिरकली नाही. बाहेर मात्र सगळं रानटी होतं. वाऱ्याने आडवं झालेलं गवत, वाळूच्या टेकड्या, माणूस नावालाही नाही. आणि ओहोटीला समुद्र असा मागे जायचा की दिसेनासाच व्हायचा. उरायचं ते राखाडी, चकचकीत चिखलाचं मैदान, थेट क्षितिजापर्यंत.

ते मैदान पाहून बाबा खुलले. ते कोकणातले. आमच्या गावी ओहोटीला चालत किल्ल्यापर्यंत जाता येतं, आणि जाण्याआधी कुणी घड्याळ बघत नाही, तिथी बघतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. गणिताचे मास्तर असलेल्या बाबांनी हे मला पाढ्यांच्याही आधी शिकवलं होतं. हॉटेलवाले रोज रात्री उशीवर चॉकलेट आणि शेजारी भरती-ओहोटीच्या वेळांचं कार्ड ठेवायचे. बाबा चॉकलेट आईला द्यायचे आणि कार्ड न वाचताच बाजूला सारायचे. "समुद्राला जायचं तर छापील कागद कशाला?" मी हसले. मी स्वतःही ते कार्ड वाचलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी मालिशची वेळ होती. मालिश कसली, समुद्राच्या गरम चिखलाचा लेप. अंगभर चिखल थापून, वर प्लास्टिक गुंडाळून मला टेबलावर निजवलं होतं. शेजारी मंद संगीत चालू होतं. एवढ्यात दार ढकलून आई आत आली.

"अगं, हे अजून आले नाहीत."

"कुठून?"

"ओहोटीला जाऊन येतो म्हणाले. आज षष्ठी, साडेदहाला पूर्ण ओहोटी, बारापर्यंत चिंता नाही म्हणाले. मघाशी खिडकीतून दिसत होते. आता समोर पाणीच पाणी दिसतंय."

सव्वाअकराच वाजले होते. मी उठले कशी, प्लास्टिक काढलं कधी, मला काही आठवत नाही. चिखलाच्या अंगावर हॉटेलचा पांढरा झगा ओढून मी अनवाणी हॉटेलसमोरच्या, समुद्र अडवणाऱ्या बांधावर धावले. पाणी आलं होतं. नुसतं दुरून पुढे येत नव्हतं, बांधाच्या अगदी जवळ, चिखलातल्या एका खोलगट नाळेतून ते नदीसारखं वाहत होतं. त्या नाळेपलीकडे, कोरड्या उंचवट्यावर, बाबा उभे होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती. ते अजून समोरच्या समुद्राकडेच बघत होते.

मी ओरडले. वारा तोंडावरचा, हाक जाईना. हॉटेलचा माणूस फोनवर भराभर बोलत होता. आई माझा दंड धरून एकच वाक्य म्हणत राहिली, "त्यांना पोहता येतं गं, त्यांना पोहता येतं." पोहून चालणार नव्हतं, ते पाणी बर्फासारखं होतं.

वाचवलं ते एका साठीच्या बाईंनी. प्रवाशांना ओहोटीत फिरवून आणण्याचं त्यांचं काम, आणि त्या दिवशीची माणसं घेऊन त्या वेळेवर परतल्या होत्या. त्यांनी बाबांना पाहिलं, कमरेला दोर बांधला, दुसरं टोक हॉटेलच्या माणसाकडे दिलं आणि काठीने तळ चाचपत पाण्यात शिरल्या. बाबांची कॉलर धरून त्यांना परत आणताना पाणी बाबांच्या छातीपर्यंत होतं. मधे एकदा बाबांचा पाय सुटला, डोकं पाण्याखाली गेलं, आणि आईने माझा दंड सोडून दिला.

ते बांधावर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. मी त्यांना मिठी मारायला हवी होती. मी ओरडले. दहा-बारा पाहुण्यांसमोर, चिखलाने माखलेली मी, जन्मात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. "या समुद्राला तुमची तिथी कळते का? कार्ड वाचायला काय झालं होतं? तुम्हाला काहीच कळत नाही, बाबा!" त्या बाई जर्मनमध्ये शांतपणे सांगत होत्या की इथे पाणी आज तासभर आधी फिरलं, वाराही पश्चिमेचा आहे, आणि आधी भरतात त्या मागच्या नाळा. माझं लक्षच नव्हतं.

बाबा थरथरत होते. ते म्हणाले, "आपल्याकडे पाणी समोरून येतं गं. मी समोर बघत होतो."

डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी दिवसभर त्यांच्या उशाशी बसले, सूप भरवलं, पण क्षमा मागितली नाही. माझं चुकलं नाही असंच मी मनाला बजावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. बाबा जाकीट घालून, बुटांच्या नाड्या बांधून हॉटेलच्या दाराशी उभे होते. मला वाटलं, निघाले. सगळं आयुष्य ते असेच निघायचे, "येतो" एवढं सांगून, आणि आई मागून "अहो, छत्री!" म्हणत जायची. मी जवळ गेले तसे ते वळले.

"मी जरा बाहेर फिरून येऊ का?" त्यांनी मला विचारलं.

"आईला बरोबर न्या," मी म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले, आणि आई खाली येईपर्यंत हात खिशात घालून उंबऱ्याच्या आत उभे राहिले.