तीन वाळवंटं, पसंतीक्रमाने

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी, वय वर्षे एक्कावन्न, रोज सकाळी नळाला पहिली बादली लावणारी एक बाई वाळवंटात राहायला जाणार आहे. वाळवंट कुठलं, हे ठरवण्याचा अधिकार त्या बाईला सोडून सगळ्या मजल्याला आहे.

ती बाई मी.

झालं असं, की बँकेत मला शाखा व्यवस्थापक म्हणून बढती मिळाली. तशी ती याआधीही दोनदा मिळत होती. एकदा मुलाची दहावी होती आणि एकदा सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन. दोन्ही वेळा मी 'घरगुती कारणास्तव' असं लिहून दिलं, आणि दोन्ही वेळा माझ्यामागून नोकरीला लागलेली माणसं माझी साहेब झाली. आता नाही म्हटलं असतं, तर निवृत्तीपर्यंत तेच टेबल आणि तोच खडखडणारा पंखा. शाखा तीन होत्या: जोधपूर, बिकानेर, भुज. मुदत दोन वर्षांची. शुक्रवारपर्यंत पसंतीक्रम कळवायचा होता.

माझी चूक एवढीच, की ही बातमी मी जेवताना दिली. आमच्या चाळीत जेवताना बोललेली गोष्ट हात धुवायच्या आत टोकाच्या खोलीत पोचते.

दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याने तापमान वाचायला सुरुवात केली. चहाचा कप हातात, मोबाइल नाकाला लावलेला. "आज बिकानेर जोधपूरपेक्षा दोन डिग्रीने पुढे आहे." जणू माझ्यावर पैज लागली होती. मी म्हटलं, "मी काय तिथे उन्हात टेबल मांडून बसणार आहे का रे?" त्यावर म्हणाला, "तू ठरव गं. तुझाच निर्णय आहे. फक्त आईचं बघ."

हे 'फक्त आईचं बघ' मी पंचवीस वर्षं ऐकत आले आहे. विशेष म्हणजे आईंनी ते कधीच म्हटलेलं नाही.

सासऱ्यांचा प्रश्न वेगळा होता. आयुष्यभर गिरणीत काढलेला माणूस, पण कुठलंही गाव ते माशांवरून जोखतात. "थंय मासे गावतले?" जोधपूर एका क्षणात नापास. बिकानेर त्याच्याही आधी. भुजजवळ समुद्र आहे असं कळल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला, पण तिथल्या मंडळींच्या शाकाहारी जेवणाची माहिती नवऱ्याने पुरवली आणि भुजही गेलं. मग त्यांनी वरळी कोळीवाड्यातून दारावर येणाऱ्या मावशीला विचारलं, दोन वर्षं पुरतील एवढे सुके बोंबील एकदम दिले तर टिकतील का? मावशी म्हणाली, "टिकतील वो, पण सूनबाईला त्या गावात खोली कोन देनार?" सगळा मजला हसला. मीही हसले. ती बाई खरोखर मजेशीर आहे. पण राग आलाच. मी कुठे राहीन हेसुद्धा बोंबलांच्या वासावरून ठरत होतं.

नणंद हिंदमाताला राहते. ती तिच्या नेहमीच्या साडीवाल्याकडे चौकशी करून आली. "वहिनी, माणूस मूळ जोधपूरचा आहे आणि तीस वर्षं परळला राहतोय. यातच काय ते समज." मी विचारलं, "मग आपण मूळ मालवणचे आणि साठ वर्षं लालबागला राहतोय, त्यातून काय समजायचं?" ती म्हणाली, "तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही," आणि दोन सुती साड्या माझ्या मांडीवर ठेवल्या. साड्या सुंदर होत्या, एक तर अगदी कैरीच्या रंगाची. म्हणून रागाला थोडी खीळ बसली, एवढंच.

मला सगळ्यात संताप कशाचा आला, सांगते. आमच्या समोर टॉवर उभा राहिल्यापासून गॅलरीत ऊन येत नाही. चादर सुकायला दोन दिवस लागतात. पाणी येतं तासभर, तेही बादल्यांच्या रांगेत उभं राहिल्यावर. दीड खोलीत आम्ही पाच माणसं झोपत आलो, मुलगा पुण्याला गेल्यावर चार. माझं डोकं शेगडीपासून दोन हातांवर असतं. आणि ही सगळी मंडळी मला बजावत होती, की वाळवंटात पाण्याचे हाल असतात आणि ऊन फार.

मी काही गप्प बसले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत तिन्ही शाखांना फोन केले होते. जोधपूरवाल्या साहेबांनी गावाची इतकी स्तुती केली, की त्यांना तिथून सुटायची घाई आहे हे मला कळलं. भुजचा माणूस भला होता. गाव नव्याने बांधलेलं आहे, रस्ते रुंद आहेत म्हणाला, पण बँकेचं घर शाखेपासून फार लांब. बिकानेरला एका बाईंनी फोन घेतला. मी पाण्याचं विचारलं. म्हणाल्या, एक दिवसाआड येतं, पण प्रत्येक घराखाली टाकी असते, कोणी रांगेत उभं राहत नाही. घर तीन खोल्यांचं, शाखेला चालत जायचं, आणि वर गच्ची. "शाम को छत पे चारपाई डाल लेना मॅडम, कोई नहीं आता."

कोणी येत नाही. फोन ठेवला आणि मी बराच वेळ स्टेपलर उघडझाप करत बसले.

घरी बिकानेर सांगितलं, तर नवऱ्याने पुन्हा तेच, "आईचं कोण बघणार?" नणंदेने फोनवरून तेच. सासूबाई मोरीपाशी बसून कोथिंबीर निवडत होत्या. त्यांच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

गुरुवारी संध्याकाळी सासऱ्यांनी शेवटचं हत्यार काढलं. नारळ आणला आणि देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे ही रीत आहे: घरातला मोठा माणूस उभा राहून देवाला मोठ्याने मागणं सांगतो, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला होकार भरायचा. नणंद आली. शेजारची चार माणसं दारात उभी राहिली. सासऱ्यांचा आवाज अजून खणखणीत आहे.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी तुझ्यापुढे नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"घरच्या सुनेक जी काय वाळवंटाची बुद्धी झाली हा, ती फिरव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आणि सांगायला लाज वाटते, सवयीने माझ्याही तोंडून 'व्हय' गेलं. स्वतःच्या विरोधात. डोळे मिटून, हात जोडून. माझा राग मग माझ्यावरच उलटला.

"आणि हिच्या सासूक म्हातारपणी वाऱ्यावर सोडू नको. ह्या म्हातारीसाठी तरी तिका हयच ठेव रे म्हाराजा."

सगळ्यांनी श्वास घेतला. पण त्यांच्या आधी मोरीपाशी बसलेल्या सासूबाई बोलल्या. खाली मान, हातात कोथिंबिरीची काडी.

"नाय म्हाराजा. जावंदे तिका. आणि माझा नाव मधी घालू नको."