फुग्याखालची पेटी

साठच्या दशकात नंदुरबारला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या काळी वरच्या हवेतल्या किरणांचा अभ्यास करणारी एक संशोधन संस्था मोठमोठे फुगे आकाशात सोडायची. फुग्याखाली उपकरणांची पेटी टांगलेली असे. फुगा फुटला की पेटी हवाई छत्रीला लटकत खाली यायची, आणि वाऱ्याच्या मर्जीने बऱ्याचदा आमच्याच तापीकाठी उतरायची. पुढेमागे अवकाशात यंत्रं पाठवायची तर ती तिथल्या थंडीत आणि विरळ हवेत कशी वागतात हे आधी कळायला हवं, असं तिथले शास्त्रज्ञ सांगत. पडलेली पेटी आणायची, आत काय बिघडलं ते बघायचं आणि पुढच्या वेळी काय बदलावं ते त्यांना सुचवायचं, हे काम माझ्याकडे आलं. हुद्दा मिळाला तांत्रिक सल्लागाराचा. दुकानाच्या ओट्यावर चहा ढोसणारी मंडळी मला ‘आकाशवाले साहेब’ म्हणून चिडवायची. मी वरवर कपाळाला आठ्या घालत असे, पण आतून मला ते आवडायचं.

एका उन्हाळ्यात प्रकाशा गावाजवळच्या एका मळ्यात पेटी पडल्याचा निरोप आला, तोही आठवडा उलटून गेल्यावर. माझं डोकंच फिरलं. किरणांच्या खुणा टिपणाऱ्या आतल्या काचा उन्हाने वाया जातात, हे लोकांना किती वेळा सांगायचं! चडफडत बसने प्रकाशाला उतरलो आणि भर दुपारी चालत मळा गाठला.

मळ्यात केळीची बाग होती. वारा अजिबात नव्हता, एक पान हलत नव्हतं. फुग्याचं पांढरं पातळ कातडं झाडांच्या डोक्यावरून खाली लोंबत होतं आणि त्याला कुणी हात लावलेला दिसत नव्हता. एरवी असली वस्तू शेतकऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कडब्यावर अंथरलेली दिसते.

मालक तिशीतला होता. त्याने मला बोलत बोलत घराकडे नेलं. पेटी पडली त्याच दिवशी त्याच्या एकुलत्या एक मुलीला ताप भरला होता. मुलगी पाच-सहा वर्षांची. शहाद्याचे डॉक्टर येऊन गेले, मुदतीचा ताप आहे म्हणाले, औषध देऊन गेले. पोर बरळायची, हातपाय झाडायची. आकाशातून आलेली वस्तू बाहेर टाकू नये म्हणून यांनी पेटी घरात आणली, तिला शेंदूर लावला, पुढे नारळ ठेवला. पेटी आतून वाजत होती. तो आवाज कानावर पडला आणि पोर शांत झाली. तेव्हापासून पेटी तिच्या उशाशीच होती.

“अजून वाजते?” मी विचारलं. तो हो म्हणाला.

मी ओट्यावरच थबकलो, कारण आवाज मलाही ऐकू आला. टक. टक. टक. पेटीत एक आपोआप चालणारी कळ असे, ती एकेक उपकरण आळीपाळीने जोडायची आणि दर वेळी टक असं वाजायची. पण तिचे सेल फार तर दोन दिवस पुरत. वजन वाचावं म्हणून तेवढेच सेल घाला, हा सल्ला खुद्द माझाच होता. ती पेटी केव्हाच मुकी व्हायला हवी होती. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

आत अंधार होता. बाजेवर पोर, उशाशी शेंदूर फासलेली पेटी आणि पलीकडे भिंतीला टेकून बसलेली आई. तिने पदराने नाक-तोंड झाकून घेतलं होतं. मी पेटीकडे हात नेला तशी ती बोलली, अगदी हळू.

“नेऊ नका, भाऊ. जठलोंग ती वाजस, तठलोंग मन्ही पोर शे.”

पेटी वाजते तोवरच पोर आहे, असं तिने धरलं होतं. नेत नाही, नुसती बघतो, असं मी तिला सांगितलं आणि झाकणाचे स्क्रू काढले. आवाज मध्ये थांबला होता, तो परत सुरू झाला. झाकण उघडून मी टॉर्च मारला. सेल फुगून फुटले होते, त्यांची पांढरी भुकटी सगळीकडे पसरली होती. कळ जागच्या जागी थिजलेली होती. आणि टक टक चालूच होतं. मला दरदरून घाम फुटला. पेटी तशीच टाकून पळावं असं वाटलं, लपवत नाही.

मग मी वर पाहिलं. पदराआड तिची हनुवटी हलत होती. आवाज तिच्या जिभेचा होता. पेटी बंद पडल्या क्षणी तिने तो उचलला असणार आणि तेव्हापासून खाली ठेवला नव्हता. तिचं तिला हे ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं, हे नक्की.

मी टॉर्चमधले सेल काढून पेटीच्या तारांना जोडले आणि कळीला बोटाने ढकललं. पेटी वाजू लागली. थोडा वेळ दोन्ही आवाज एकमेकांच्या मागेपुढे चालले. मग तिने मान भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. तिचा आवाज थांबला.

पोर लगेच चुळबुळली. पेटी उशाशी खणखणीत वाजत होती, पण ती डोळे न उघडता म्हणाली, “माय, तू का थांबनी?”

आई दचकून जागी झाली. तिने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदराआड पुन्हा टक टक सुरू झालं. पोर निजली. मी सेल काढून घेतले आणि पेटी उचलली. या खेपेला मला कुणीही अडवलं नाही.

पोरगी वाचली. पण ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्या दुपारी कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

परतीच्या बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारचा म्हातारा बराच वेळ पेटीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, “भाऊ, तुम्हनी पेटी वाजी ऱ्हायनी.”

पेटीत सेल नव्हते. माझी जीभ टाळूला लागून टक टक वाजत होती. हे ध्यानात आल्यावरही नंदुरबार येईपर्यंत थांबायची माझी छाती झाली नाही.