कपडे धुण्याच्या पावडरीचा कण

ऐंशीच्या दशकात मी नागपूरला भौतिकशास्त्रात संशोधन करत होते, आणि तुमसरला घरी माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. वडील धानाचे व्यापारी. माझा विषय त्यांना कळत नसे, पण अभिमान भलता.

सानगडीचे पाहुणे आले. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. तो आल्यापासून मान खाली घालून पोहे खात होता. त्याच्या मामांनी विचारलं, "पोरी, तू नागपुरात काय करून राहिली?"

मी सरळ सांगितलं, "विश्वात दिसतं त्याच्या कितीतरी पट न दिसणारं काहीतरी आहे. ते फार हलक्या कणांचं असावं, असा एक अंदाज आहे. त्या कणाचा अभ्यास करते."

"पाह्यला का तू?"

"नाही. अजून कोणीच नाही."

"मंग हाय कायवरून?"

"नसेलही."

मामांनी वडिलांकडे पाहिलं. वडील गडबडले. "नाव हाय ना पन त्याचं! सांग बाई, नाव सांग."

"ॲक्सिऑन," मी म्हणाले. तिथंच थांबायचं, तर पुढे बोलले, "अमेरिकेतल्या एका कपडे धुण्याच्या पावडरीवरून ठेवलंय."

सगळ्यांचे चेहरे उजळले. "साबनाचं काम हाय म्हना ना!" मामा म्हणाले. मुलाची आई माझ्याजवळ सरकली. "याच्या सदऱ्यावर शाईचे डाग पडते. तुह्या पावडरीनं निघन का?"

"काकू, तो कण कशालाच चिकटत नाही. सगळ्यातून आरपार जातो."

"मंग डागातूनबी जाईनच की!"

मुलाला हसताना चहाचा ठसका लागला. डोळे पुसत त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "त्याचं वजन साधारण किती धरता?" मी सांगू लागले, तो मध्येच शंका काढू लागला. मोठी माणसं थोडा वेळ ऐकत बसली, मग आपसात धानाच्या भावाकडे वळली.

लग्न झालं. मी सासरी पोचले तेव्हा शेजारची एक बाई गंजाचा डाग पडलेलं लुगडं घेऊन ओसरीवर बसलेली. नवी नवरी म्हणून नाही कसं म्हणणार? लिंबू चोळलं, सोडा घातला, गरम पाण्यात बुचकळलं. डाग होता तसाच.

बाई हिरमुसली. तिची समजूत सासूबाईंनीच घातली.

"अवो, अजून शोधूनच राह्यले ते लोकं."